मिटता चाकू, त्याचा खटका आणि ‘आजन्म हमी’

तासगाव तालुक्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. पत्र दोन पानांचे आहे, पण हकिगत थोडक्यात अशी : यजमान द्राक्षाची कलमे बांधणाऱ्या टोळीबरोबर जातात. तीन आठवड्यांपूर्वी डॉगरिजच्या खुंटात चाकूचे पाते अडकले. ते वर ओढून काढताना चाकू हातातच मिटला आणि मधल्या बोटाचे मधले पेर आतल्या बाजूने कापले. पाच टाके पडले. ऐन हंगाम, कलमांवर मजुरी, आणि कर्ता माणूस घरी बसून. टाके निघाले, पण बोटाचे टोक अजून वाकत नाही. “आखडले असेल, शेक द्या,” असे सगळे सांगतात. चाकू दोन वर्षांपूर्वीचा, डबीवर ‘आजन्म हमी’ छापलेली. दुकानदाराकडे नेला तर तो म्हणाला, “वहिनी, ही झीज आहे. झीज हमीत बसत नाही.” ताई विचारतात, “भाऊ, झीज कोणती आणि दोष कोणता हे आम्ही ओळखायचे कसे? दोन वर्षांच्या झिजेने बोट कापणार असेल तर मग हमी कशाची दिली?”

प्रश्न चोख आहे. पण ताई, चाकूचे नंतर पाहू, आधी बोटाचे. मधले पेर हाताने धरून ठेवा आणि यजमानांना फक्त टोकाचे पेर वाकवायला सांगा. ते आपण होऊन जराही वाकत नसेल, तर तो आखडलेपणा नसण्याचा संभव मोठा आहे. बोट वाकवणारी आतली दोरी, डॉक्टर जिला कंडरा म्हणतात, ती तुटलेली असू शकते. वरची कातडी शिवली म्हणून आतली दोरी जुळत नाही. ती जितक्या लवकर जोडावी तितकी चांगली जुळते; आठवडे उलटत जातील तसे काम अवघड होत जाते. तुम्हाला मिरज जवळ आहे. शेकत बसू नका, हे वाचाल त्याच दिवशी हाताची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा.

आता चाकूकडे येऊ.

मिटत्या चाकूची मौज अशी की कापताना त्याच्या खटक्यावर जवळजवळ भार येतच नाही. आपण धार लाकडावर दाबतो, तेव्हा लाकूड धारेला उलट रेटते. हा रेटा पात्याला उघडण्याच्या दिशेने ढकलतो. पाते तर आधीच पुरते उघडलेले असते, त्यामुळे तो सगळा भार पात्याच्या बुडाशी असलेल्या अडणीच्या खिळ्यावर जातो. म्हणूनच खटका झिजलेला चाकूसुद्धा महिनोन् महिने बिनतक्रार कापतो आणि कोणाला शंका येत नाही. खटक्याची परीक्षा होते ती उलट भार आला म्हणजे. पाते खुंटात रुतले आणि आपण मूठ वर उचलून ते सोडवू लागलो, की लाकूड पात्याला खाली धरून ठेवते आणि मूठ वर येते. म्हणजे आपणच चाकू मिटवत असतो. टोकाने भोसकताना तसेच. आणि जाड खुंट फोडण्यासाठी पात्याच्या पाठीवर लाकडाने ठोकतो तेव्हाही तसेच. तिथे तर प्रत्येक ठोका खटक्यावरच पडतो. यजमानांच्या हातून घडले ते पहिल्या प्रकारातले. त्यांची चूक एवढीच की बोटे पात्याच्या वाटेत होती, आणि कलम करणाऱ्या माणसाची बोटे दुसरीकडे कुठे असणार?

खटके सगळे सारखे नसतात. काही चाकूंना खटका मुळी नसतोच. स्वित्झर्लंडचे लाल मुठीचे खिशातले चाकू आपण पाहतो, त्यातल्या लहान आकाराच्या बहुतेकांत पाठीची स्प्रिंग पाते नुसते तोलून धरते, अडवीत नाही. त्यांना खटका झिजल्याचा दोष देण्यात अर्थ नाही, तो त्यांचा वायदाच नाही. दुसरा प्रकार पाठीवरच्या दांडीचा. दांडीचे नाक पात्याच्या बुडातल्या खाचेत ‘खट्’ करून बसते आणि मुठीच्या पाठीवर दाबले की सुटते. अमेरिकेच्या बक कंपनीने १९६४ साली काढलेल्या ११० नंबरच्या चाकूने ही पद्धत जगभर नेली. तिसरा प्रकार कडीचा. फ्रान्समधील सव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये लाकडी मुठीचा साधा शेतकरी चाकू केला. त्याला १९५५ साली फिरती कडी बसली. पाते उघडायचे आणि कडी बोटाने फिरवायची, की पाते मिटायची वाट बंद. माझ्या मते शेतकऱ्याच्या दृष्टीने सगळ्यांत प्रामाणिक खटका हाच. लागला आहे की नाही हे डोळ्यांना दिसते. मात्र लाकडी मूठ पावसात फुगते आणि पाते उघडेनासे होते, हा त्याचा हट्ट सांभाळावा लागतो.

चौथा प्रकार आतल्या पत्तीचा. बाजारात हल्ली जो चाकू हातात येतो तो बहुधा याच जातीचा, आणि ताईंनी पत्रात काढलेल्या आकृतीवरून त्यांचाही हाच दिसतो. मुठीच्या आत एका बाजूला पातळ पोलादी पत्ती असते. पाते उघडले की ती पत्ती आपल्याच ताणाने आत सरकते आणि पात्याच्या बुडामागे पाचरीसारखी उभी राहते. कल्पना जुनी आहे. मायकेल वॉकर नावाच्या अमेरिकन कारागिराने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिला आजचे रूप दिले. पात्याचे बूड किंचित तिरके घासलेले असते, म्हणून पत्ती झिजली तरी ती आणखी थोडी आत सरकून ती झीज भरून काढते. गाडीच्या चाकाला लावलेली पाचर जशी ठोकत गेले की घट्ट होत जाते, तसेच.

म्हणजे झीज ही या खटक्यात गृहीतच धरलेली आहे. नव्या चाकूत पत्ती पात्याच्या बुडाच्या रुंदीचा पाव ते अर्धा भाग व्यापते. वर्षानुवर्षे वापरून ती निम्म्यापलीकडे गेली तरी घाबरायचे कारण नाही. पण सरकत सरकत ती पलीकडच्या भिंतीला टेकली, की पुढे सरकायला जागा संपली. तिथून पुढची प्रत्येक झीज म्हणजे पाते वरखाली डुलणार. तो चाकू लाकडाच्या कामातून बाद समजावा.

घरी तपासायचे ते असे. मुठीची फट उजेडाकडे धरून पत्ती कुठवर पोचली ते पाहा. मग पाते उघडून बोटे त्याच्या वाटेतून पूर्ण बाजूला घ्या, मूठ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरा आणि पात्याची पाठ टेबलाच्या कडेवर हळूच पण नेटाने दाबा. आपटू नका. काही हौशी लोक पाठ आपटून परीक्षा घेतात. तसे करून चांगला खटकाही बिघडतो. दाबल्यावर पत्ती मागे सरकताना दिसली, किंवा पाते मिटायला लागले, तर तो चाकू त्या क्षणापासून कामाचा नाही. पाते नुसते डावी-उजवीकडे हलत असेल तर मात्र तो खटक्याचा आजार नव्हे, मधला खिळा ढिला झाला आहे. स्क्रू असेल तर पाव आटा आवळून भागते. रिव्हेट असेल तर गावचा जाणता लोहार दोन हलक्या ठोक्यांत ती बसवतो. जोराचा तिसरा ठोका मारला तर पाते उघडायलाच नको म्हणते, हेही सांगून ठेवतो.

आता ताईंचा मूळ प्रश्न. झीज सावकाश येते, सारखी येते आणि चकचकीत दिसते. पत्तीचे तोंड आरशासारखे घासलेले, कडा शाबूत, खटका अजून धरतो पण पूर्वीपेक्षा जास्त आत बसतो : ही झीज. दोषाची चिन्हे निराळी. पत्तीचे तोंड चेपलेले, कडेला पोलाद फुलून ओठ आलेला दिसला, तर पत्तीला पाणीच नीट दिलेले नव्हते. पत्ती पात्यापेक्षा थोडी मऊ असायचीच, कारण तिला स्प्रिंगचे काम करायचे असते. पण चेपावी इतकी मऊ नव्हे. पत्ती जागच्या जागी आहे, पलीकडे पोचलेली नाही, तोंड कोरे आहे आणि तरी दाबले की घसरते : मग बुडाचा तिरकेपणा चुकला आहे. तो वापरणाऱ्याने केलेला नाही, तो कारखान्यातून तसाच आला. तो पहिल्या दिवसापासून होता; खुंटात पाते अडकेपर्यंत तो कळला नाही इतकेच.

म्हणून ताई, तुमची पत्ती कुठे बसते आणि तिचे तोंड कसे आहे, यावर सगळे अवलंबून आहे. दुकानदाराने चाकू उजेडात धरून पाहिला होता का? पत्रावरून तसे वाटत नाही. न पाहता ‘झीज’ म्हणणे सोपे असते.

कंपनीच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे खटका केवळ झिजत नाही, तो गंजतोही, आणि त्याला आपणच हातभार लावतो. बोर्डो मिश्रण केले की आपण काय करतो? १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. आणि मिश्रण बरोबर झाले की नाही हे पाहायला खिशातला चाकू काढून आत बुडवतो. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. परीक्षा अगदी योग्य आहे, पण तो तांबूस थर म्हणजे मोरचुदातले तांबे पोलादावर बसले आणि तेवढे लोखंड पाण्यात गेले. पाते पुसून आपण चाकू मिटतो. खाचेत आणि खिळ्याभोवती राहिलेला थेंब रात्रभर आपले काम करीत राहतो. या परीक्षेसाठी घासून लख्ख केलेला जुना खिळा किंवा मोडका विळा ठेवावा. डाळिंबवाल्यांचे असेच. तेल्या रोगासाठी झाडागणिक हत्यार सोडियम हायपोक्लोराइटात बुडवायला सांगतात, आणि ते बुडवलेच पाहिजे. पण ते द्रावण पोलादाला खाते. त्या कामाला मिटता चाकू वापरूच नये. वापरलाच तर संध्याकाळी स्वच्छ पाण्याने उघड्या अवस्थेत धुऊन, उन्हात कोरडा करून, खिळ्याशी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा. घरातले गोडेतेल घालू नका. करडई, जवस ही तेले हवेने सुकून चिकट होतात, त्यात धूळ बसते आणि पत्ती पुरती आत येत नाही. अर्धवट बसलेला खटका हा झिजलेल्या खटक्याइतकाच धोक्याचा. तेल पत्तीच्या तोंडावर मात्र राहू देऊ नये, तेवढे फडक्याने टिपून घ्यावे.

आणि धारवाल्याच्या चाकावर चाकू देताना जवळ उभे राहा. पाते निळे पडले की त्याचे पाणी उतरले. असा डाग घेऊन कंपनीकडे गेलात तर खटक्याची तक्रारसुद्धा कोणी ऐकून घेत नाही.

आता हमी. ‘आजन्म’ म्हणजे कोणाचा जन्म? आपला, चाकूचा की कंपनीचा? हे डबीवर लिहिलेले नसते, आतल्या बारीक अक्षरांच्या कागदावर असते. नामांकित परदेशी कंपन्यांचे कागद पाहिले तर त्यांत एक सारखेपणा आढळतो. बक कंपनी चाकूच्या आयुष्यभराची हमी देते, ती माल आणि कारागिरी यांतील दोषाची. स्वित्झर्लंडची व्हिक्टोरिनॉक्स कंपनीही तशीच मुदतीवाचून हमी देते. दोघींच्याही हमीतून नेहमीची झीज आणि गैरवापर वगळलेले आहेत. पक्कड-चाकू एकत्र असलेली हत्यारे करणारी लेदरमन कंपनी २५ वर्षांचा आकडाच घालते. मला तो आकडा ‘आजन्म’पेक्षा जास्त आवडतो, कारण त्यावर वाद होत नाही. तेव्हा दुकानदार म्हणाला ते वाक्य म्हणून खोटे नाही. झीज हमीत बसत नाही, खरे आहे. पण ही झीजच आहे, हे ठरवले कोणी?

कागदात आणखी दोन काटे असतात. एक, चाकू खोलला तर हमी संपली, असे कित्येक कंपन्या लिहितात. साफसफाईसाठी स्क्रू काढणारा कष्टाळू माणूसच त्यात अडकतो. म्हणून हमीची मुदत चालू असेतो खोलण्याआधी कागद वाचा. नुसत्या उघड्या चाकूत पाणी आणि ब्रश फिरवूनही बरीच घाण निघते. दुसरा, पाठवण्याचा खर्च कोणाचा? दोनशे-तीनशे रुपयांच्या चाकूसाठी पार्सलचा खर्च आपल्या माथी असेल तर ती हमी डबीवर शोभेलाच असते.

माझाच अनुभव सांगतो. एका कृषी प्रदर्शनात मी असाच पत्तीच्या खटक्याचा चाकू घेतला होता. सहा महिन्यांत तो दाबला की घसरू लागला. मी तो रजिस्टर पार्सलने कंपनीला पाठवला, सोबत ‘खटका नीट करून द्यावा’ एवढी एक ओळ. दीड महिन्याने चाकू परत आला. पुसून, तेल घालून, स्क्रू आवळून, आणि चिठ्ठी : नेहमीची झीज, दुरुस्ती केली. खटका तसाच घसरत होता. कंपनीला नावे ठेवायला मी मोकळा आहे, पण निम्मी चूक माझीही होती. काय होते, किती दाबल्यावर होते, पत्ती कुठे बसते, यातले काहीच मी लिहिले नव्हते. तिकडच्या माणसाने चाकू उघडून मिटून पाहिला असेल, चालतो म्हणाला असेल. आता तो चाकू टपालाची पाकिटे फोडायला टेबलावर असतो.

म्हणून ताई, तुम्ही असे करा. चाकू आहे तसा ठेवा. घासू नका, तेल घालू नका, दुकानदाराजवळ पोच घेतल्याशिवाय सोडू नका. मोबाइलवर तीन फोटो काढा : पत्ती बसलेली जागा, पत्तीचे तोंड, आणि पूर्ण चाकू. दाबल्यावर घसरतो ते चलचित्र घ्या, बोटे सांभाळून. पावती सापडली तर तिचाही फोटो आजच काढा. हल्लीच्या यंत्रातल्या पावत्यांची अक्षरे वर्षा-दोन वर्षांत उडून कागद कोरा होतो. डबी टाकू नका, ‘आजन्म हमी’ हे शब्द तिच्यावरच आहेत. डॉक्टरांचे कागद एकत्र लावा. मग दुकानदार आणि कंपनी दोघांना लेखी कळवा. ‘चाकू खराब झाला’ असे लिहू नका. ‘खटका लागलेला असताना पाते मिटले आणि इजा झाली’ असे तारखेसह लिहा.

उत्तर आले नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. १९८६ च्या कायद्याच्या जागी आलेला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला आहे. त्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, वकील लावण्याची सक्ती नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या मालाला तक्रारीची फी नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावे लागते. दुकानदार कदाचित म्हणेल, “तुम्ही धंद्यासाठी चाकू घेतला, तुम्ही ग्राहक नाही.” त्याला सांगा, स्वतःच्या हाताने काम करून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने ग्राहकाचीच धरली आहे. सदोष मालामुळे झालेल्या इजेची भरपाई मागण्याची वेगळी तरतूदही याच कायद्यात आहे. मात्र दोष दाखवून द्यावा लागतो, आणि त्यासाठीच वरचे फोटो. पत्तीचे तोंड सारखे घासलेले निघाले आणि ती पलीकडच्या भिंतीला टेकलेली असली, तर मी तुम्हाला आयोगाची वाट धरायला सांगणार नाही. जाण्यायेण्यात दिवस मोडतील आणि हाती काही लागणार नाही.

हात बरा झाल्यावर यजमानांनी कामाला कोणता चाकू घ्यावा, असेही पत्रात विचारले आहे. माझे मत सरळ आहे. दिवसाला शेकडो कलमे करणाऱ्याने न मिटणारा, एकसंध पात्याचा कलमाचा चाकू घ्यावा आणि चामड्याच्या म्यानात कमरेला लावावा. त्याला खटका नाही, तेव्हा झिजायलाही काही नाही. किंमतही बहुधा कमीच पडते. मिटता चाकू खिशात राहू द्या, दोरी कापायला, पोत्याचे तोंड उघडायला. आणि पाते खुंटात अडकले तर मूठ वर उचलायची नाही. पाते ज्या रेषेत आत गेले त्याच रेषेत, मुठीच्या दिशेने सरळ मागे ओढायचे. टोळीतल्या नव्या पोरांना एवढे एक दाखवून ठेवा.

डॉक्टरांनी बोटाबद्दल काय सांगितले ते मात्र अवश्य कळवा. पत्तीचे फोटोही पाठवा, पाहून उत्तर देईन.